स्क्रूला हात लावण्याआधी: आउटबोर्ड मोटरच्या कार्बोरेटरची सफाई आणि सेटिंग

ऑगस्ट लागला की गोव्यात शापोरा नदीच्या काठावर सकाळी सकाळी होड्यांच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड मोटरींची दोरी ओढल्याचे आवाज सुरू होतात. ट्रॉलरची बंदी १ जून ते ३१ जुलै, आणि लहान होड्यासुद्धा पावसात बहुतेक वर ओढलेल्या असतात, माडाखाली ताडपत्री पांघरून. आता नारळी पुनव जवळ आलेली, जाळी दुरुस्त करून झालेली, आणि कोणीतरी घामाघूम होऊन पंधराव्यांदा दोरी ओढतोय. इंजिन फुर्र करतं, चोक ओढलेला असेपर्यंत दोन मिनिटं चालतं, चोक आत ढकलला की मेलं. मग बाजूचा एकजण हमखास बोलतो, "अरे स्क्रू जरा फिरव रे, स्लो गेलाय त्याचा." (स्लो म्हणजे थ्रॉटल बंद असतानाची हळू चाल.) पेचकस येतो, स्क्रू फिरतो, कधीकधी इंजिन चालूही राहतं, आणि सगळे खूष.

मला त्या पेचकसाच्या आधीचं सांगायचंय. कारण काल-परवापर्यंत नीट चालणाऱ्या इंजिनाच्या कार्बोरेटरचा स्क्रू आपोआप फिरत नाही, त्याला स्प्रिंग असते, तो जागच्या जागीच असतो. बदललेलं असतं ते दुसरंच काहीतरी, बहुतेक वेळा आत कचरा बसलेला असतो, आणि स्क्रू फिरवून आपण तो कचरा काढत नाही, फक्त झाकतो. टू-स्ट्रोक मोटरमध्ये हे झाकणं किती महाग पडतं ते पुढे सांगतो, आमच्या घरात ते घडलंय.

आधी कार्बोरेटर करतो काय ते बघू, एकदा हे डोक्यात बसलं की पुढची सगळी लक्षणं आपोआप कळतात. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी नदीच्या तोंडावर उभं राहून बघा, पात्र रुंद आहे तिथे पाणी निवांत असतं आणि जिथे अरुंद होतं तिथे तेच पाणी धावत सुटतं. कार्बोरेटरच्या आतली नळीसुद्धा मध्ये अशीच अरुंद केलेली असते. पिस्टन हवा आत ओढतो, ती हवा अरुंद जागेतून जाताना जोरात पळते, आणि जिथे वेग वाढतो तिथे दाब कमी होतो. हे बर्नुलीने १७३८ साली लिहून ठेवलं, आणि इटलीच्या व्हेंचुरीने १७९७ मध्ये अरुंद नळ्यांवर प्रयोग करून मांडलं, म्हणून त्या अरुंद भागाला आजही व्हेंचुरी म्हणतात. घरी बघायचं असेल तर कागदाच्या दोन पट्ट्या तोंडासमोर समोरासमोर धरा आणि मधून फुंका, वाटतं लांब जातील पण त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. त्या अरुंद जागेत एका बारीक नळीचं तोंड असतं, नळीचं दुसरं टोक खालच्या पेट्रोलच्या वाटीत, दाब कमी झाला की पेट्रोल वर येतं आणि हवेत बारीक फवारा होऊन मिसळतं. बस्स, मुळात एवढंच यंत्र आहे.

खालच्या वाटीत पेट्रोल कायम एकाच पातळीला राहायला पाहिजे, त्यासाठी फ्लोट. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, टाकी भरली की गोळा वर येतो आणि पाणी बंद होतं, अगदी तेच. फ्लोट वर आला की तो एक छोटी टोकदार निडल वर ढकलतो, निडल भोकात बसते, पेट्रोल बंद. वापरलं गेलं की फ्लोट खाली, निडल खाली, पेट्रोल चालू. ही पातळी दोन-तीन मिलीमीटर इकडे तिकडे झाली तरी सगळ्या मिश्रणाचा हिशोब चुकतो.

वाटीतून वर जायला पेट्रोलला मुख्य दोन वाटा आहेत, आणि हेच लक्षात ठेवायचंय. थ्रॉटल उघडलं की मेन जेट, म्हणजे वेगाची वाट. आणि थ्रॉटल बंद असताना, जेटीजवळ हळू चालताना, पायलट जेट, त्याला आमच्याकडे स्लो जेट म्हणतात. स्लोच्या वाटेवर तो बाहेरून दिसणारा मिश्रणाचा स्क्रू असतो. नीट वाचा, स्क्रू फक्त स्लोच्या वाटेवर आहे. बहुतेक मोटरींमध्ये मेन जेट हे एक ठरावीक भोक असलेलं पितळेचं बटण असतं, त्याला फिरवून कमी-जास्त करता येत नाही. (खूप जुन्या काही मोटरींना वेगासाठी वेगळी सुई असायची, ती गोष्ट वेगळी.) म्हणजे स्लो कितीही गोड सेट झाला तरी मेन जेट साफ आहे की तुंबलेलं, याबद्दल तो एक अक्षर सांगत नाही.

आता आमच्या काकांच्या मोटरीचं सांगतो. दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, दोन कार्बोरेटर. पावसाळ्यानंतर स्लोला मिसिंग मारत होती म्हणून एका मेकॅनिकला दाखवली, त्याने न उघडता दोन्ही स्क्रू फिरवून दिले आणि स्लो खरंच सुंदर झाला, शिवणयंत्रासारखा. तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी वागातोरच्या बाजूने येताना फुल थ्रॉटलवर तिचा आवाज जरा बारीक झाला, आणि विचित्र म्हणजे किंचित जोरात पळाल्यासारखं वाटलं, आम्हाला वाटलं चांगलीच चाललीय. मग ती जड झाली आणि एकदम थांबली. दोरी ओढून बघितली तर हलेना. शापोऱ्याच्या तोंडावर वाळूचा बांध आहे, तिथे लाटा फुटतात, आणि आम्ही त्याच्या बाहेर वल्ही मारत होतो. भरती लागलेली होती म्हणून आत आलो. उघडल्यावर खालच्या सिलिंडरचा पिस्टन धरलेला, बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ॲल्युमिनियमचे ओरखडे, आणि खालच्या कार्बोरेटरच्या मेन जेटमध्ये मोहरीच्या निम्म्याएवढा हिरवट कण. त्या एका कणामुळे पिस्टन, रिंगा, बोअर, आणि अर्धा सीझन गेला. काका त्या दिवसाबद्दल अजून बोलत नाहीत.

कण एवढासा आणि नुकसान एवढं मोठं, हे का होतं? टू-स्ट्रोकला गाडीसारखं वेगळं ऑइल चेंबर नसतं. आपण पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो, नेहमीचं प्रमाण ५० ला १, म्हणजे १० लिटरला २०० मिली, आणि नवीन मोटरीच्या पहिल्या तासांत बहुतेकदा २५ ला १, म्हणजे १० लिटरला ४०० मिली (तुमच्या मोटरीच्या पुस्तकात असेल तेच धरा). हे ऑइल क्रँकच्या बेअरिंगपर्यंत आणि पिस्टनच्या बाजूपर्यंत पेट्रोलवर बसूनच पोचतं, कार्बोरेटरच्या त्याच भोकातून. भोक तुंबलं की एकाच वेळी दोन गोष्टी होतात, मिश्रणात पेट्रोल कमी म्हणजे लीन झालं, ते जास्त गरम जळतं, आणि नेमकं त्याच वेळी ऑइल कमी झालं. तापही वाढला, वंगणही गेलं. आणि भोक किती लहान असतं तर स्लो जेटचं अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. ०.५ चं भोक कडेने मळ धरून ०.४ झालं, तर ऐकायला एक दशांश मिलीमीटर, पण भोकाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी घटतं. नुसत्या डोळ्याला जेट मोकळंच दिसतं. ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने घेणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरीही आहेत, तिथे ऑइल येत राहतं पण लीन तापायचा धोका तसाच. फोर-स्ट्रोकला पिस्टन धरायची भीती कमी, पण तिच्या कार्बोरेटरची भोकं आणखीच बारीक, तुंबायला जरासं निमित्त पुरतं.

मग हा कचरा येतो कुठून? टाकीत पेट्रोल नुसतं ठेवलं तरी त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट पिवळट थर राहतो, व्हार्निशसारखा. वाटीत तर पेट्रोल चमचा-दोन चमचे, ते आणखी लवकर आटतं. त्यात आपली हवा. जून-जुलैत गोव्यात भिंतीलासुद्धा घाम येतो, तिथे टाकीचं झाकण जरा सैल असलं की ओल आत. आणि आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, देशात ई-२० ची विक्री २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, म्हणजे १०० त २० भाग इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं, पण प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि तळाला जाऊन बसतं, पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं ऑइल वर राहतं. मोटरचा पाइप तर टाकीच्या तळातून ओढतो! म्हणजे पहिल्यांदा इंजिनात जाणार ते ऑइल नसलेलं पाणी. शिवाय हे पाणी कार्बोरेटरच्या धातूवर पांढरी पावडर तयार करतं आणि पितळेच्या जेटवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी, आमच्या काकांच्या जेटमध्ये तेच होतं. जुने रबरी पाइप आतून सुटून काळे कण सोडतात. वाळू आणि गंज तर आहेच.

इथेनॉलचं अजून एक. साधं पेट्रोल १ किलो पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे तेच जेट, तेवढंच पेट्रोल, पण इथेनॉल जास्त तर मिश्रण आपोआप जरा लीनकडे सरकतं. जुनी टू-स्ट्रोक मोटर असेल तर स्क्रू अगदी काठावर लीन ठेवण्यात शहाणपणा नाही, हे यासाठी.

उघडायच्या आधी खात्री करा की दोष कार्बोरेटरचाच आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? हसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडणाऱ्या कितीतरी मोटरी एवढ्यानेच सुटतात, हवा आत जात नाही म्हणून टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. पाइपावरच्या रबरी बल्बचा बाण मोटरीकडे आहे ना, बल्ब दाबल्यावर घट्ट होतो ना, जोडाच्या कनेक्टरमधलं रबर फाटलेलं नाही ना. फिल्टरच्या पारदर्शक वाटीत पाणी दिसतंय का. प्लग काढून स्पार्क बघा. आणि एक सोपी परीक्षा, मोटर जोरात चालताना दम सोडायला लागली की दुसऱ्याने बल्ब दाबत राहायचं, दाबल्यावर सुधारली तर दोष कार्बोरेटरच्या अलीकडे आहे, मोटरीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा तरी फाटलाय नाहीतर पाइपात हवा शिरतेय. चोक ओढल्यावरच स्लोला चालते, नाहीतर मरते, पण थ्रॉटल देऊन उचलली की पळते, तर स्लोची वाट तुंबलीय. स्लो छान पण थ्रॉटल उघडल्यावर घोगरी होऊन बसते, तर मेन जेटकडे बघा. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय तर निडलखाली कण अडकलाय किंवा फ्लोटच बुडालाय. दोन-तीन कार्बोरेटर असतील आणि मोटर अर्ध्या ताकदीने चालत असेल तर कोणता सिलिंडर मेलाय ते आधी शोधा.

आता कामाला लागू. होडीत करू नका, किनाऱ्यावर किंवा अंगणात, मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाला साचून राहते, दिसत नाही. बिडी-सिगरेट लांब, किल लॅनयार्ड (ओढली की मोटर बंद करणारी सुरक्षेची दोरी) काढून ठेवा, बॅटरी असेल तर तार सोडा. पाइप काढा, आणि पहिलं काम म्हणजे मोबाइलने फोटो, चारही बाजूंनी, कोणती दांडी कुठल्या भोकात, कुठला पाइप कशाला. मी तीसेक फोटो काढतो आणि पंचविसावा कामाला येतो. मग दांड्या सोडायच्या, कार्बोरेटर धरणारे नट काढायचे, आणि एका पांढऱ्या ताटात किंवा पसरट डब्यात सगळं ठेवायचं. पांढरं अशासाठी की वाटी उघडल्यावर त्यात काय पडतं ते दिसलं पाहिजे. पाण्याचे थेंब पेट्रोलखाली गोळ्यांसारखे फिरतात. पांढरी पावडर, हिरवा कण, काळं रबर, वाळू, जे काही निघेल ते तुमच्या टाकीची गोष्ट सांगतं, ते बघितल्याशिवाय पुसून टाकू नका, नाहीतर महिन्याने परत तेच काम.

जपानी मोटरींचे प्लससारखे दिसणारे स्क्रू नेहमीच्या प्लस पेचकसाला नीट बसत नाहीत, पेचकस वर सरकतो आणि डोकं गोल होतं. जपानी मापाचा पेचकस घ्या, फार महाग नसतो, आणि खारी हवा खाल्लेला स्क्रू असेल तर आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. फ्लोटची पिन एका बाजूने हळू ढकलली की निघते, तिथे हातोडी चालवू नका, तिला धरणारे खांब तुटले की कार्बोरेटरच गेला. फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर बदलायचा.

मिश्रणाचा स्क्रू काढायच्या आधी तो अलगद आत फिरवा आणि किती फेरे झाले ते मोजा, बसला की थांबा, दाबू नका, त्याचं टोक सुईसारखं असतं, दाबलं की त्यावर चर पडते आणि मग सेटिंग कधीच होत नाही. एक फेरा, सव्वा, दीड, जे असेल ते कागदावर लिहा. दोन कार्बोरेटर असतील तर वर-खाली वेगळं लिहा, आणि जेटसुद्धा मिसळू नका, जेटवर नंबर कोरलेला असतो आणि काही मोटरींत वरच्या-खालच्या सिलिंडरला मुद्दाम वेगळं जेट दिलेलं असतं. कॅपने बंद केलेला स्क्रू असेल, फोर-स्ट्रोकला बरेचदा असतो, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

सगळी जेटं काढा, मेन जेटच्या मागची भोकं-भोकं असलेली नळी काढा, आणि स्लो जेट विसरू नका, ते बऱ्याचदा एका छोट्या रबरी बुचाखाली लपलेलं असतं. आमच्याकडे "कार्बोरेटर साफ केला" म्हणून सांगतात आणि स्लो जेट बाहेर आलेलंच नसतं, हे मी कितीदा बघितलंय. रबर आणि प्लास्टिकचे भाग बाजूला, त्यांना कार्ब क्लीनर लावायचं नाही, फुगतात. धातूचे भाग क्लीनरमध्ये भिजवा, घाई करू नका. मग स्प्रेची बारीक नळी एका भोकात धरून मारा आणि कुठून बाहेर येतंय ते शोधा, प्रत्येक वाटेला दोन तोंडं असतात, एका तोंडातून आत गेलं आणि दुसरीकडून बाहेर आलं नाही तर ती वाट बंद आहे. थ्रॉटलच्या पाकळीजवळ, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या चकतीजवळ, दोन-तीन टाचणीएवढी भोकं असतात, स्लोहून उचलताना लागणारं पेट्रोल तिथून येतं, ती हमखास राहतात. डोळ्याला चष्मा लावा, कारण स्प्रे कुठून उलटा येईल सांगता येत नाही, डोळ्यात गेला तर साध्या पाण्याने बराच वेळ धुवून लगेच डॉक्टरकडे.

जेट उजेडाकडे धरून बघा, भोक पूर्ण गोल आणि कडा चकचकीत दिसली पाहिजे. तार घालायची फार इच्छा होते. स्टीलची तार, पिन, सुई, गिटारची तार, काहीही नको, पितळ मऊ असतं, भोक एकदा रुंद झालं की जेटच्या नंबराला अर्थ उरत नाही. घालायचंच तर वायरमधला एकच तांब्याचा केस किंवा नायलॉनचा दोरा, आणि तोही ढकलायला, घासायला नाही. कॉम्प्रेसरची हवा उत्तम, पण फ्लोट आणि निडल काढल्यानंतरच, दाबाने फ्लोट चेपतो. एवढं करूनही शंका असेल तर नवीन जेट घ्या, पिस्टनच्या मानाने जेट म्हणजे चिल्लर.

जोडताना नवीन किट वापरा, गॅस्केट, ओ-रिंग, निडल. जुनं गॅस्केट ठेवून तीस-चाळीस रुपये वाचतात आणि हवा आत ओढली जाऊन मिश्रण लीन होतं, म्हणजे ज्या भीतीने हे सगळं केलं तेच परत. फ्लोटची उंची पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे मोजायची, कार्बोरेटर उलटा धरून, फ्लोट स्वतःच्या वजनाने निडलवर टेकला पाहिजे, बोटाने दाबायचा नाही. चूक असेल तर पत्र्याची छोटी जीभ जरा वाकवायची, प्लास्टिकच्या फ्लोटला ती सोय नसते, तिथे निडल आणि बैठक तपासायची. उलटं धरूनच पेट्रोल येणाऱ्या तोंडाला स्वच्छ पाइप लावून हलकं फुंकून बघा, हवा गेली नाही म्हणजे निडल नीट बसलीय. स्क्रू अलगद बसवून लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर आणा. कोणी आधीच छेडछाड केली असेल आणि पुस्तकही नसेल तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करतात, पण ती फक्त सुरुवात.

टाकीतलं जुनं पेट्रोल आता परत घालू नका. ते नदीतही ओतू नका, कृपा करून. याच नदीत आपण तिसऱ्या आणि खुबे काढतो, खारफुटीत सुंगटांची पिल्लं वाढतात, अर्धा लिटरसुद्धा लांबपर्यंत पसरतं. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. नवं पेट्रोल, आणि ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, ते पाण्याने थंड होणाऱ्या मोटरींसाठी बनतं. स्कूटरचं टू-टी ऑइल स्वस्त मिळतं म्हणून घालतात, ते हवेने थंड होणाऱ्या जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं, राख सोडतं, प्लगवर आणि पिस्टनवर जमतं.

आणि आता, शेवटी, स्क्रू. पण कोरड्यावर नाही. मोटरीच्या पाणी घेणाऱ्या भोकांवर रबरी मफ लावून नळाच्या पाण्यावर चालवलेली मोटर आणि खरी पाण्यात असलेली मोटर, दोघींचा एक्झॉस्टचा दाब वेगळा, त्यामुळे अंगणात सेट केलेला स्लो जेटीवर बिघडतो. होडी खांबाला पुढून-मागून घट्ट बांधा, खरा पंखा लावलेला असू दे, आजूबाजूला पोहणारं कोणी नको, आणि दहा मिनिटं चालवून मोटर गरम होऊ दे. बिनपाण्याची एक मिनिटही चालवू नका, पाण्याच्या पंपाचं रबरी चाक तेवढ्यात जळतं. एकापेक्षा जास्त कार्बोरेटर असतील तर आधी सगळ्या पाकळ्या एकाच वेळी उघडतात आणि एकाच वेळी बंद होतात हे दांड्यांवर बघून घ्या, ते जुळत नसेल तर स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही.

गिअरमध्ये टाकून स्लोवर ठेवा. स्क्रू एकदा अष्टमांश फेरा, तेवढाच, आणि मग दहा-पंधरा सेकंद थांबा. मोटर उत्तर द्यायला वेळ घेते, विशेषतः टू-स्ट्रोक, लोक थांबत नाहीत आणि मग एकावर एक चुका होतात. एका बाजूला फिरवत गेलात की ती कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखं करेल, आचके देईल, ही लीन बाजू. दुसऱ्या बाजूला नेलीत की आवाज जड, भुडभुड, धूर जास्त, ही रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. कोणत्या बाजूला कोणती ते मोटरीप्रमाणे बदलतं, स्क्रू पेट्रोलचा असेल तर बाहेर काढल्यावर रिच, हवेचा असेल तर आत घातल्यावर रिच, म्हणून पाठांतर करू नका, कानाने ओळखा. दोन्ही टोकं मिळाली की मध्ये या, आणि तिथून अष्टमांश ते पाव फेरा रिचकडे. मग एकदम थ्रॉटल उघडून बघा, गचका खाऊन अडखळली तर अजून थोडी रिच. एवढं झाल्यावरच थ्रॉटलच्या थांब्याचा स्क्रू, म्हणजे स्लोचा वेग, पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणा, गिअरमध्ये तो साधारण मिनिटाला हजार फेऱ्यांच्या खालीच असतो. उलट क्रमाने केलंत, आधी वेग वाढवून मोटर जिवंत ठेवलीत, तर पाकळी जास्त उघडते, दुसरीच भोकं कामाला लागतात आणि मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही काही फरक पडत नाही. आणि वेग जास्त राहिला तर गिअर टाकताना तो खट्ट आवाज येतो, त्याने गिअर झिजतो.

स्क्रू तीन-चार फेरे बाहेर आला तरी मोटरीला फरकच कळत नाही, किंवा पूर्ण आत नेला तरी ती रिचच राहते, तर थांबा. वाट अजून तुंबलीय, नाहीतर फ्लोटची पातळी चुकलीय, नाहीतर कुठून हवा शिरतेय. परत उघडायचं, कंटाळा आला तरी.

पुढच्या पावसाआधी मेच्या शेवटी एक काम करा म्हणजे यातलं बरंच टळेल. शेवटच्या फेरीनंतर गोडं पाणी लावून मोटर धुताना पेट्रोलचा पाइप काढून तिला स्लोवरच पेट्रोल संपेपर्यंत चालू द्या, जोरात नको, शेवटी शेवटी मिश्रण लीन होतं म्हणून. तरी वाटीत थोडं उरतंच, तळाला निचऱ्याचा स्क्रू असेल तर तो उघडून काढून टाका. टाकी रिकामी करून कोरड्या जागेत, झाकण घट्ट. आणि ऑगस्टमध्ये जुनं नाही, ताजं पेट्रोल.

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका, तोंडाच्या आतच नदीत अर्धा तास फुल थ्रॉटलवर चालवा, तशीच वेगात असताना बंद करा आणि प्लग काढून बघा. फिकट तपकिरी, बिस्किटासारखा रंग म्हणजे ठीक. काळा ओला म्हणजे रिच. पांढरा, कोरडा, खडूसारखा दिसला तर त्या दिवशी बाहेर पडू नका, मेन जेट परत काढा.